तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्या आणि आमच्या वन्सं

चेन्नईहून परत येऊन आता महिना झाला. भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो: उकाडा फार होता का, आणि रोज इडलीच खावी लागली का. दोन्हींचं उत्तर नाही. जानेवारीतलं चेन्नई आपल्या सांगलीच्या फाल्गुनासारखं असतं, सकाळी तर पदर अंगभर ओढून घ्यावासा वाटतो. आणि बारा दिवसांत इडली झाली ती चार वेळा. मात्र मला जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांच्या उत्तरात मावत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. वय शहात्तर. मुलींच्या शाळेत त्या छत्तीस वर्षं होत्या, शेवटची अकरा मुख्याध्यापिका. इतिहास शिकवायच्या. आईवडील लवकर गेले म्हणून धाकट्या भावाला वाढवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. लग्न होऊन मी घरात आले त्याला एकोणतीस वर्षं झाली. लोक विचारतात तसा सासुरवास वन्संनी मला कधीच केला नाही. त्यांनी फक्त तपासलं. भाजी, हिशोब, मुलीचा अभ्यास, माझी पत्रं. वही तपासावी तसं, शांतपणे, लाल खुणा करत.

ह्यांचा गुडघा दुखावला होता, त्यामुळे ह्यांनी ऐन वेळी येणं रद्द केलं. "अक्काला सांभाळ," एवढं स्टेशनवर सांगितलं. वन्संनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "कोण कोणाला सांभाळतंय ते बघू."

वेलचेरी

माझी मुलगी मृणाल तिथे एका संगणक कंपनीत आहे. घर चौथ्या मजल्यावर. खालच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. वॉचमन ती रेघ आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतो.

पहाटे जाग आली की प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि त्यांना वळसे घालत जाणारी एकच अखंड रेघ दिसते. कोलम म्हणतात त्याला. आपण रांगोळी चिमटीतून सोडतो, तसंच तिथेही. पण रंग नाहीत, नुसतं पांढरं. दुसऱ्या दिवशी वन्संनी लिफ्टच्या तोंडाशी गोपद्मं काढली. शेजारची बाई थबकून बघत राहिली आणि म्हणाली, "सूपर, मामी!" वन्संना ऐकू कमी येतं. "काय म्हणते?" "छान म्हणतात." "मग तोंड भरून म्हणायला काय झालं," असं म्हणत त्या आत गेल्या, पण खूश होत्या.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्यांनी मृणालचे मसाल्याचे डबे वेगळ्या क्रमानं लावले, सहाव्या दिवशी मला दही विरजणं शिकवलं. एकोणतीस वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर दही विरजते आहे. सांगलीचं घर मोठं, तिथे माणूस दुसऱ्या खोलीत जाऊ शकतं. इथे दोन खोल्या, आणि मृणाल दिवसभर बाहेर.

मृणालच्या लक्षात आलं असावं. शनिवारी तिनं सांगितलं, "उद्या तुम्ही दोघी तिरुवल्लिकेणीला जा. मी नावं नोंदवलीत. एक बाई सकाळी जुन्या गल्ल्यांतून फिरवते, इतिहास सांगते, आणि मध्ये मध्ये थांबून तिथलं खायला देते."

"म्हणजे इतिहासही उभ्यानं आणि खाणंही उभ्यानं?" वन्सं म्हणाल्या. पण रात्री त्यांनी बूट पुसून ठेवलेले मी पाहिले.

तळ्याकाठी, रविवार सकाळ

वेलचेरीपर्यंत उंचावरची रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. स्टेशनं केवढी थोरली, आणि माणूस नाही. आम्ही दोघी आणि एक पेपरवाला, असा डबा घरांच्या गच्च्यांवरून तरंगत निघाला. वाळत घातलेल्या लुंग्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधूनच समुद्राची एक फिकट पट्टी. तिरुवल्लिकेणीला उतरून चालत देवळाच्या तळ्याशी पोचलो, तेव्हा साडेसहा वाजत होते.

आमची वाटाड्या भार्गवी. तिशीतली, शिक्षणानं वास्तुविशारद, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. इंग्रजीतून बोलायची, पण सावकाश. आम्ही धरून आठ जण होतो. बाकीचे सगळे चेन्नईचेच, आपल्याच गावाला पाहायला आलेले. याचं मला नवल वाटलं. सांगलीत गणपतीचं देऊळ दाखवायला कोणी वाटाड्या ठेवला, तर लोक त्याला वेड्यात काढतील.

तिरु अल्लि केणी म्हणजे कुमुदांचं पवित्र तळं, भार्गवीनं सांगितलं. कुमुदं आता नाहीत, पण तळं आहे आणि त्याला लागून पार्थसारथीचं देऊळ. अर्जुनाचा सारथी झालेला कृष्ण. आत गेल्यावर वन्सं एकदम थांबल्या. "मिशा?" खरंच, कृष्णाला भरघोस पांढऱ्या मिशा. युद्धावर निघालेला कृष्ण आहे हा, हातात शंख आहे, पण चक्र नाही, कारण शस्त्र धरणार नाही असा शब्द दिलेला. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर भीष्माच्या बाणांचे व्रणसुद्धा आहेत म्हणे. वन्सं बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. "लोण्याचा गोळा घेतलेला कृष्ण सगळेच करतात," बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा कामाचा आहे."

प्रसाद मिळाला तो पानाच्या द्रोणात. मूगडाळ घालून आटवलेला मऊ भात, त्यात अख्खी मिरी, काजू आणि तूप इतकं की द्रोणाच्या तळातून बोटांवर उतरावं. पोंगल. मी सगळा द्रोण चाटून पुसून संपवला. वन्संनी दोन घास घेतले. "गुरगुट्या भात आहे. आजारी माणसाचं खाणं, आणि त्यात मिरी घालून निरोग्याला आजारी पाडायचं." उरलेला माझ्याकडे दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वन्संना मधुमेह आहे. सकाळी सहाला त्यांची गोळी असते आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटात नीट काही जायला लागतं. त्या दिवशीही गाडीत गोळी घेतलेली. खायला बाहेरच जातो आहोत, म्हणून घरी काही खाल्लं नव्हतं. अडीअडचणीला म्हणून गूळ-शेंगदाण्याची डबी बरोबर असते. ती माझ्या पिशवीत होती.

पुढचा मुक्काम एका जुन्या हॉटेलात. तिथे वाढपी सांबाराची मोठी किटली घेऊन येतो आणि ताटलीतल्या दोन इडल्या बुडेपर्यंत ओततो. बुडेपर्यंत म्हणजे खरोखर, इडलीचं बेट दिसेनासं होतं. मी चमच्यानं खाल्लं, पुन्हा ओतून घेतलं. वन्संनी इडलीचा एक कोपरा कोरडा वाचवला, तेवढा खाल्ला. मग कॉफी आली, पितळी पेल्यात, खाली पितळीच वाटी. वाढपी ती हातभर उंचावरून पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओततो. वन्संना बिनसाखरेची मागितली. ती त्यांना आवडली. "ही मात्र खरी," म्हणाल्या.

"वन्सं, काहीतरी खा. गोळी घेतलीय तुम्ही."

"मालती, मला सत्तर वर्षं जेवता येतं."

मी उरलेलं सांबार संपवलं.

गल्लीत

देवळामागच्या गल्ल्या अरुंद. जुन्या घरांना बाहेर ओटे, ओट्यांवर लाकडी खांब, आणि मधूनच तीन-चार मजली उंच इमारती, ज्यांच्या प्रत्येक गजावर टॉवेल. त्यांना तिथे मॅन्शन म्हणतात, नोकरीसाठी आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. भार्गवी सांगत होती, की कंपनी सरकारच्या हाती या भागातलं जे पहिलंवहिलं लागलं, त्यात हे गाव. पलीकडच्या अंगाला अर्काटचे नवाब येऊन राहिले, मोठी मशीद बांधली. दोन्ही अंगांना जोडणारा बाजार अजून तसाच आहे.

मग ती म्हणाली, की या भागात मराठीही लोक आहेत, शिवाजी महाराजांनी तंजावर जिंकलं तेव्हापासून.

मी वन्संच्या कानाशी भाषांतर करत होते, ते मी करायला नको होतं.

"थांब," वन्सं म्हणाल्या. मग शाळेच्या इंग्रजीत, मोठ्यानं: "नो. नॉट शिवाजी. हिज हाफ ब्रदर." तंजावर महाराजांच्या सावत्र भावानं घेतलं, महाराज नंतर दक्षिणेत आले, दोघांची भेट झाली ती कशी, वाटणीवरून बोलणं काय झालं. भार्गवी बिचारी वहीत टिपून घेत होती. बाकीचे सहा जण उन्हात उभे. एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले. मी वन्संचा हात हलकेच ओढला, तेव्हा त्यांनी तो सोडवून घेतला आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "तुला घाई असेल तर तू हो पुढे. तुला कधी कशात लक्ष नव्हतंच."

मराठीत म्हणाल्या. कोणाला कळलं नसेल. पण मला कळलं.

मी पुढे झाले. मागे वळून पाहिलं नाही. गर्दीतून चार पावलं टाकली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एका खिडकीत तुळशीचं रोप होतं, एका ओट्यावर म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्या डाव्या कानाशी कोणी काही सांगत नव्हतं. भार्गवी मंडळींना घेऊन मागून आली, मला गाठून पुढे गेली. एवढ्यात पाण्याचा टँकर गल्लीत शिरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत टँकरच. सगळे ज्याच्या त्याच्या दारात चढले. तो गेल्यावर आम्ही पुढे निघालो, डावीकडे वळलो, मग उजवीकडे. येतील मागून, असं मी धरून चालले होते.

चकल्यांच्या दुकानाशी भार्गवीनं माणसं मोजली. सात.

शोध

पहिली पाच मिनिटं मी घाबरले नव्हते. उलट रागच होता. टँकर आला तिथवर मागे गेलो. वन्सं नाहीत. भार्गवीनं बाकीच्यांना कॉफीच्या दुकानात बसवलं आणि मला विचारलं, "लोकांना विचारायचं, तर खूण काय सांगू?"

"म्हाताऱ्या आहेत. चष्मा. नऊवारी साडी, काठाची."

भार्गवीचा चेहरा पडला. आणि तेव्हा माझ्याही लक्षात आलं. देवळाच्या भोवतालच्या त्या गल्ल्यांत वयस्क बायका नऊवारीच नेसतात. नेसण्यात थोडा फरक, पण मागून पाहिलं तर त्याच. सांगलीत वन्सं बाजारात निघाल्या की अर्धा मैल लांबून ओळखू येतात, आणि इथे दर दुसऱ्या दारात एक वन्सं उभी होती.

फुलवालीनं हात केला, "पाट्टी? अंगे!" आजी ना, ती बघा तिकडे. मी धावले. शेवग्याच्या शेंगा निवडणाऱ्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, "वन्सं!" त्या वळल्या. दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, कपाळावर उभी लाल रेघ. त्या हसल्या, मी हात जोडले. पुढे औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एक आजी बसलेल्या, त्याही नव्हेत. मग तळ्याकडून भार्गवी ओरडली, "सापडल्या!" मी पदर खोचून पळाले. पायऱ्यांवर पाय धूत बसलेल्या त्या आजींनी मला आशीर्वाद दिला.

तिथेच पायरीवर मी पिशवी टेकवली, आणि आत डबी वाजली. गूळ-शेंगदाण्याची.

आठ वाजून गेले होते. सहाची गोळी. दोन घास भात, इडलीचा कोपरा, बिनसाखरेची कॉफी. दोन वर्षांपूर्वी एकदा वन्सं अशाच स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या. अंग थंडगार, घामानं चिंब, जीभ जड. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा उशीर झाला असता तर. त्यांना तमिळ येत नाही. ऐकू कमी येतं. मृणालचा पत्ता पाठ नाही. माझ्या मोबाईलचा नंबर त्यांनी कधी लिहून घेतला नाही, "घरात दोघी असतो, फोन कशाला," म्हणून. त्या कुठल्यातरी ओट्याशी पडल्या असतील आणि लोक समजत असतील, आजी झोपल्यात.

आणि मी मुद्दाम पुढे गेले होते.

भार्गवी म्हणाली पोलिसांत सांगू या. मी हो म्हणाले. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. पडद्यावर अक्षरं: घर. सांगलीहून हे.

मी तो उचलला नाही. काय सांगणार होते? वाजून वाजून बंद झाला. भार्गवी माझ्याकडे बघत होती. पुन्हा वाजला. आता उचलला.

"मालती!" हे ओरडतच होते. "अगं कुठे आहेस तू? ठीक आहेस ना?"

"मी... हो. अहो, ऐका..."

"अक्काचा फोन आला होता आत्ता. तू हरवलीस म्हणाली!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती म्हणाली, मालती गर्दीत कुठे गेली कळत नाही, तिला इथली भाषा येत नाही, घाबरली असेल, तू तिला फोन करून सांग मी कुठे बसलेय ते. लिहून घे. तळ्याच्या मागची तिसरी गल्ली. निळं दार. शेजारी शिंप्याचं दुकान. लिहिलंस?"

"अक्कांची तब्येत...?"

"तब्येतीला काय झालंय? जेवतेय ती."

मी पायरीवर मटकन बसले. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. दोन गल्ल्या पलीकडे बसलेल्या बाईचा पत्ता मला सांगलीहून कळला होता. आमच्या घरचा फोन नंबर, तो मात्र वन्संना पाठ होता.

निळं दार

दार उघडंच होतं. चपला काढून आत गेलो. मधल्या खोलीत तिपाईवर फोन, शेजारी लाकडी झोपाळा, त्यावर वन्सं, मांडीवर स्टीलची ताटली. रंग परतलेला. समोर खाली पाटावर एक बाई, वन्संच्याच वयाच्या, किडकिडीत, नऊवारीतल्या. मला पाहून त्या उठल्या.

"या, या. बैसा. कां भिऊलात? बरं आहेत तुमच्या नणंद."

मी उंबऱ्यातच थांबले. शब्द सगळे कळत होते, पण चाल तमिळ, आणि शब्द असे की जुन्या बखरीतून कोणी उठून बोलावं.

अंबुजाबाई त्यांचं नाव. तंजावरकडच्या. तीन पिढ्या आधी घर मद्रासला आलं. त्यांनीच सांगितलं काय झालं ते. सकाळी दारातलं कोलम पुसलं गेलं का पाहायला त्या बाहेर आल्या, तर ओट्यावर एक अनोळखी बाई खांबाला टेकलेली, घाम फुटलेला, हात थरथरत. अंबुजाबाईंनी तमिळमधून विचारलं, पाणी हवं का. बाईला समजेना. ती पुटपुटली, "साखर... कोणी साखर द्या."

"साखर म्हणाली!" अंबुजाबाई म्हणाल्या. "मला वाटलं माझी आईच म्हणते. धावत जाऊन गूळ आणला, तोंडांत घातला."

मी वन्संच्या पायाशी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सापडलीस?"

"सापडले."

"हे खाऊन बघ."

ताटलीत दहीभात होता आणि बाजूला करड्या रंगाचं काहीतरी पातळसर, वर मोहरी-हिंगाची फोडणी. मी बोट लावून चाखलं. डांगर. भाजलेल्या उडदाच्या पिठाचं, ताकात कालवलेलं डांगर, आपण उन्हाळ्यात करतो ते. कांदा नव्हता, एवढाच फरक. "आम्ही डांगर पच्चडी म्हणतों," अंबुजाबाई म्हणाल्या, "तुम्हीं?"

"डांगरच," वन्सं म्हणाल्या.

अंबुजाबाईंनी हे अशा आनंदानं ऐकलं, की जणू हरवलेली भांडी परत मिळाली. त्यांच्या मुलाची बायको तमिळ, नातवंडं इंग्रजीत बोलतात. बहीण होती, ती गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी नाही. देवाशी बोलते, म्हणाल्या. मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, "तुमच्या गांवांत दुकानांत, बशींत, असके लोक म्हराठीच बोलतात म्हणे?"

"सगळे," मी म्हटलं.

"भांडतात देखील म्हराठींत?"

"भांडतात तर खूपच."

त्या तोंडावर पदर घेऊन हसत राहिल्या.

एक गोष्ट मी तेव्हा टिपली. वन्संनी आयुष्यभर ज्याचं त्याचं मराठी सुधारलं. माझं, मृणालचं, दूधवाल्याचं, मंत्र्यांच्या भाषणातलं. अंबुजाबाई तासभर बोलत होत्या, लिंगं वेगळी, क्रियापदं वेगळी. वन्संनी एक शब्द सुधारला नाही. हात कानाशी धरून ऐकत राहिल्या, आणि मधून एखादा शब्द स्वतःशी पुटपुटत होत्या, जपून ठेवायला.

भार्गवी दारात अवघडून उभी होती. तीन वर्षं ती या गल्लीतून लोकांना नेत होती आणि या दारामागे कुठली भाषा आहे, तिला माहीत नव्हतं. तिची सहा माणसं कॉफीच्या दुकानात खोळंबली होती. अंबुजाबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांनाही आण. मग ते सहा जण आले, घड्याळवाले गृहस्थसुद्धा. सगळे जमिनीवर ओळीनं बसले. केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चमचाभर डांगर, थोडा भात, आणि काकडी-मूगडाळीची कोशिंबीर, जिला तिथे सगळे कोसुमल्ली म्हणतात. वन्सं झोपाळ्यावरून तंजावरची हकीकत सांगत होत्या, भार्गवी इंग्रजीत सांगत होती, अंबुजाबाई तमिळमध्ये. शिक्षक आणि वर्ग जमल्यावर वन्संना रोखणं कोणाला शक्य आहे? पण त्या दिवशी कोणी घड्याळ पाहिलं नाही.

जेवण आवडलं की पान आपल्याकडे दुमडायचं, अंबुजाबाईंनी दाखवलं. म्हणजे पुन्हा यायचं. आम्ही सगळ्यांनी आपापली पानं आपल्याकडे दुमडली. निघताना त्यांनी दोघींना कुंकू लावलं. वन्सं कुंकू लावत नाहीत, लग्न झालं नाही म्हणून कोणी लावायला येतही नाही. त्यांनी कपाळ पुढे केलं.

परतीची गाडी

पुढे मशीदही पाहिली, तिचं मोठं मोकळं अंगण आणि कबुतरं. सुंठीची कॉफी प्यायलो, ती वन्संना आवडली नाही. साडेअकराला गाडीत बसलो, डबा पुन्हा रिकामा. मी पिशवीतून डबी काढून वन्संच्या हातात ठेवली. त्यांनी ती आपल्या पिशवीत टाकली.

"वन्सं," मी म्हणाले, "मी मुद्दाम पुढे गेले होते."

"माहीत आहे. मी पाहिलं."

"मग हाक का नाही मारलीत?"

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "वाटलं, बघू तरी, वळून पाहते का."

गाडी एका रिकाम्या स्टेशनात थांबली, निघाली.

"नाही पाहिलं," मी म्हणाले.

"हं. मग तो टँकर आला." पिशवीचा बंद सारखा करत म्हणाल्या, "मी तसं बोलायला नको होतं. चारचौघांत."

एकोणतीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "तुम्हाला ऊन लागतंय, इकडे सरका." त्या सरकल्या.

दार मृणालनं उघडलं. "कशी झाली सहल? आत्या, काय काय खाल्लंस? बाबांचे चार फोन येऊन गेले, काय झालं होतं?"

वन्संनी बूट काढले, नीट जोडीनं ठेवले. "काही नाही गं," म्हणाल्या, "तुझी आई जरा मागे राहिली होती. मी थांबले तिच्यासाठी."

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, पंख्याखाली चटई अंथरली आणि आडवी झाले. पोटऱ्या ठणकत होत्या. स्वयंपाकघरात वन्सं मृणालला उडीद किती भाजायचे ते सांगत होत्या. ऐकता ऐकता मला झोप लागली, ती थेट चारपर्यंत.